पासपोर्टाच्या जोडीला औषधांची यादी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात, निवृत्त औषधविक्रेते असलेल्या आपल्या एका सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कमिटीने मला "आरोग्यावर काहीतरी बोला" असं सांगितलं. आरोग्यावर बोलणारे हल्ली उदंड झालेत. मोबाइलवर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या पाठोपाठ एक काढा येतोच. तेव्हा मी काढा सांगणार नाही. मी आयुष्यभर मालवणच्या बाजारात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो, त्या अनुभवातला आणि आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचा एकच विषय घेतो : आपण मुलांकडे परदेशी जातो तेव्हा औषधांचं काय करायचं, आणि तिकडे आजारी पडलो तर कुणाकडे जायचं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपली मुलं या आवारात सायकली पिदाडत होती. आज त्यांतलं कुणी दुबईला आहे, कुणी मस्कतला, कुणी बोटीवर, कुणी कॅनडात, जर्मनीत. आपण मात्र तेव्हा चाळिशीत होतो, ते आता पासष्टीच्या पुढे आलो. सुनेचं बाळंतपण आलं की आपली तिकिटं येतात. मग महिनाभर बॅग भरणं चालतं. मालवणी मसाला, कोकम, कुळथाची पिठी, खाजं, सगळं वजन करून भरतो. आणि औषधं? ती निघायच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत. बरोबर ना?

नाव गोळीचं, रंग नव्हे

माझ्या दुकानात रोजचं वाक्य ठरलेलं होतं. "अण्णानू, ती बीपीची बारकी पांढरी गोळी देवा." आणि मी द्यायचो. कारण समोरच्या माणसाची फाइल माझ्या डोक्यात असायची. त्याचे डॉक्टर कोण, गोळी कुठली, कधीपासून चालू आहे, हे ठाऊक असायचं. कायदा आपल्याकडेही आहे. अनुसूची एच मधलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि १ मार्च २०१४ पासून एच-वन मधल्या औषधांची तर वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवावी लागते. पण गावात ओळखीवर बरंच चालतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

परदेशात ही ओळख संपते. तिथल्या फार्मासिस्टला तुम्ही "बारकी पांढरी गोळी" म्हणालात तर तो बिचारा काय करणार? जगातल्या निम्म्या गोळ्या बारक्या आणि पांढऱ्याच आहेत.

तारकर्लीला परदेशी पर्यटक यायला लागले तेव्हा मला ही गोष्ट उलट बाजूने समजली. कुणी फ्रान्सचा, कुणी इस्रायलचा. रिकामं पाकीट घेऊन यायचे. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नसायचं. पण खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असायचं, ज्याला आपण जेनेरिक नाव म्हणतो. ते वाचलं की दोन मिनिटांत काम व्हायचं. कंपनीचं नाव म्हणजे घरातलं लाडाचं नाव. शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं असतं, आणि परदेशात दाखल्यावरचंच नाव चालतं.

तेही कधी कधी दोन असतात. आपली क्रोसिन, डोलो, कॅल्पोल म्हणजे पॅरासिटामॉल. हेच औषध अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणून ओळखलं जातं आणि टायलेनॉल या नावाने दुकानात असतं. आखातात, ऑस्ट्रेलियात पॅनाडॉल. दम्याच्या पंपातलं आपलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड होतं.

ही नुसती सामान्य ज्ञानाची गंमत नाही. समजा ताप आला. आपण आपल्या पिशवीतली पॅरासिटामॉल घेतली. दोन तासांनी सुनेने टायलेनॉल दिली. रात्री सर्दीसाठी दुकानातून एक औषध आणलं, त्यातही तेच होतं. म्हणजे एकाच औषधाचा तिप्पट डोस पोटात गेला. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, लिव्हरला धोका असतो. वय झालेलं असेल, वजन कमी असेल किंवा रोज थोडी "घ्यायची" सवय असेल तर मर्यादा त्याहून खाली.

उलट प्रकारही होतो. नाव एकच, औषध वेगळं. फ्लोमॅक्स हे नाव अमेरिकेत प्रोस्टेटच्या औषधाचं आहे, टॅमसुलोसिनचं. इटलीत त्याच नावाने सूज-दुखीवरचं दुसरंच औषध विकलं जायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली प्रवाशांना अशा नावांबद्दल सावध केलं होतं. म्हणून यादीत जेनेरिक नाव लिहायचं, पुढे किती मिलिग्रॅम ते, आणि दिवसातून किती वेळा ते.

आणखी एक. आपल्याकडे मधुमेहाची दोन-तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. बाहेर तशी जोडगोळी मिळेलच असं नाही. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही आपल्याकडची घरोघरची जोडी, पण अमेरिकेत ती दोन वेगळ्या गोळ्यांत घ्यावी लागते. टेनेलिग्लिप्टिन तर तिथे मिळतच नाही. तेव्हा गोळीत काय काय आहे ते सुटं सुटं लिहून घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी नीट ऐका

हा भाग थोड्या लोकांसाठी आहे, पण जिवाशी गाठ असलेला आहे. आपल्याकडे इन्सुलिनची जी बाटली मिळते, ती बहुधा चाळीस युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंजही चाळीसचीच, लाल टोपणाची. अमेरिका, युरोप, आखात इथल्या बाटल्या शंभर युनिटच्या. आता तिथली शंभरची बाटली आणि आपली चाळीसची सिरिंज अशी गाठ पडली, तर तुम्ही २० युनिटच्या रेघेपर्यंत भराल आणि अंगात ५० युनिट जातील. अडीच पट! साखर एकदम खाली जाऊन माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून बाटली तिथली तर सिरिंजही तिथलीच. पेन वापरणाऱ्यांची यातून बरीच सुटका होते, कारण पेनमधली काडतुसं आपल्याकडेही शंभरचीच असतात.

इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या पत्रासह ठेवा.

साखर मोजायचं यंत्र आपलंच न्या. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या मापात सांगतात. तिथल्या नर्सने "सात" म्हटलं की घाबरू नका. त्याला १८ ने गुणा, १२६ येतात. तापाचंही तसंच. तिथले ३८ म्हणजे आपले शंभर पॉइंट चार.

वेळेचा प्रश्नही येतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, तिथे काही बदलावं लागत नाही. अमेरिकेचा पूर्व किनारा साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचा डोस निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा.

पिशवी कशी भरायची

आता आपल्या एका सवयीबद्दल. आपण पाच गोळ्या मागतो आणि दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. अर्ध्या पट्टीवर नाव राहतं, अर्धीवर मुदत. कधी दोन्ही गायब. परदेशी जाताना अशा कातरलेल्या पट्ट्या नेऊ नका. अख्ख्या पट्ट्या, मूळ खोक्यात, दुकानाच्या बिलासह न्या. सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं, जेनेरिक नावं असलेलं पत्र. त्यावरचं तुमचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. पासपोर्टावर एक आणि चिठ्ठीवर "बाबल्याची आई" असं चालणार नाही.

सगळी औषधं मोठ्या बॅगेत ठेवायची नाहीत. बॅग दुसऱ्याच गावाला गेल्याची उदाहरणं आपल्या सोसायटीतही आहेत. निदान पंधरा दिवसांचा साठा हातातल्या पिशवीत असू द्या. नवरा-बायको दोघं असतील तर एकमेकांच्या पिशवीत थोडा थोडा ठेवा.

किती न्यायची? अमेरिकेत स्वतःपुरतं, साधारण ९० दिवसांचं औषध नेता येतं. सिंगापूरलाही तीन महिन्यांचीच मर्यादा आहे. पण आपण सुनेच्या बाळंतपणाला जातो ते सहा महिन्यांसाठी! मग पुढच्या तीन महिन्यांचं काय? "पोस्टाने पाठवू" हे बहुतेक देशांत नियमात बसत नाही, पार्सल अडकतं. तेव्हा दुसऱ्या महिन्यातच मुलाला सांगून तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, यादी दाखवायची, आणि तिथली चिठ्ठी करून घ्यायची. शेवटच्या चार गोळ्या उरल्यावर नव्हे. काही जण एक दिवसाआड गोळी घेऊन साठा पुरवतात. बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबाबत हे काटकसरीचं गणित फार महाग पडतं.

काय न्यायचं नाही

इथे दोन गोळ्यांची नावं घेतो. झोपेसाठी अनेक जण घेतात ती अल्प्राझोलाम आणि दुखण्यावर देतात ती ट्रॅमाडॉल. शिवाय कोडीन असलेली खोकल्याची औषधं. ही आपल्याला नेहमीची वाटतात, पण संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर अशा देशांत ती नियंत्रित यादीत आहेत. अमिरातीत अशी औषधं नेण्यापूर्वी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. सिंगापुरातही आधी मंजुरी लागते. जपानमध्ये तर सर्दीच्या काही साध्या औषधांतलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा ठरावीक प्रमाणापुढे चालत नाही. ज्या देशात जायचं, त्या देशाच्या दूतावासाची किंवा आरोग्य खात्याची यादी मुलांना आधी पाहायला सांगा. हे काम त्यांना चार मिनिटांत जमतं.

आणि आता खास आपल्यासाठी. खसखस! आपल्या मालवणी मसाल्यात पुष्कळ घरी खसखस पडते. अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर या देशांत खसखस नेणं हा अमली पदार्थाचा गुन्हा धरला जातो. ती अफूच्या बोंडातून येते ना! त्यामुळे आखातात जाताना मसाला न्यायचाच असेल तर बिनखसखशीचा वेगळा कुटून घ्या. अनारसे खसखशीवर थापलेले असतात, तेही इथेच खाऊन जा.

चूर्णांचंही तेच. वैद्यांनी पुडीत बांधून दिलेली, नाव नसलेली पूड विमानतळावर उघडली की तुम्ही तिला त्रिफळा म्हणता आणि समोरचा भलतंच काही समजतो. कंपनीच्या सीलबंद डबीत, लेबल असलेलं असेल तरच न्या.

शेजाऱ्याचं पार्सल नेताना तर शंभरदा विचार करा. २०१९ साली मुंबईचं एक जोडपं कतारला दोहा विमानतळावर पकडलं गेलं. नात्यातल्याच बाईने दिलेल्या पुडक्यात चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगातच त्यांच्या मुलीचा जन्म झाला, आणि २०२१ मध्ये निर्दोष सुटून ती दोघं घरी आली. "आमच्या बाबूला एवढ्या गोळ्या पोचवा" असं कुणी म्हणालं, तर चिठ्ठी आणि बिल मागा. राग आला तर येऊ दे.

तिकडचा फार्मासिस्ट

युरोपात औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस बहुतेक ठिकाणी दिसतो. जर्मनीत लाल रंगातलं मोठं 'ए' अक्षर असतं, दुकानाला म्हणतात आपोथेके. तिथे साबण, व्हिटॅमिन विकणारी वेगळी दुकानं असतात, त्यांत पॅरासिटामॉलसुद्धा मिळत नाही. इंग्लंडात मात्र ती सुपरमार्केटमध्येही मिळते, पण एका वेळी मर्यादित. अमेरिकेत मोठ्या दुकानाच्या अगदी मागच्या टोकाला औषधांचा काउंटर असतो, म्हातारा माणूस तिथे पोचेपर्यंतच दमतो. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, पण आळीपाळीने एखादं उघडं असतं आणि त्याचा पत्ता प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो.

या देशांत फार्मासिस्टला विचारायला संकोच करू नका. सल्ल्याचे वेगळे पैसे तो सहसा घेत नाही. साधी सर्दी, पोट बिघडणं, अंगावर पित्त उठणं, एवढ्यासाठी डॉक्टरांकडे धावावं लागत नाही. फक्त त्याला तीन गोष्टी आपणहून सांगा : आपलं वय, चालू औषधांची यादी, आणि कशाची अॅलर्जी आहे ते. बीपी असलेल्या माणसाला सर्दीची सगळीच औषधं चालत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याला दुखण्यावरची सगळी चालत नाहीत. तो तुम्हाला चिठ्ठीशिवाय सहसा अँटिबायोटिक देणार नाही. अमेरिकेत नाही, दुबईतही नाही. तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. तो बरोबर वागतोय.

दुखणं अंगावर काढू नका

त्याच्या पुढची पायरी म्हणजे डॉक्टर. अमेरिकेत छोट्या तातडीच्या दुखण्यांसाठी 'अर्जंट केअर' दवाखाने असतात. इमर्जन्सी रूमपेक्षा तिथला खर्च बराच कमी. इंग्लंडात कुठे जावं कळत नसेल तर १११ वर फोन करायचा, ते विचारपूस करून मार्ग सांगतात.

पण काही दुखण्यांत पायऱ्या मोजत बसायचं नाही. छातीत दाबल्यासारखं होणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दम लागणं, भान हरपणं. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेव्हा सरळ रुग्णवाहिका बोलवा. अमेरिका-कॅनडात ९११. इंग्लंडात ९९९. युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत ११२. ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. अमिरातीत ९९८, सौदीत ९९७, कतारमध्ये ९९९, ओमानमध्ये चार वेळा नऊ. सिंगापुरात ९९५. मुलगा ऑफिसात असतो, सून बाळाला घेऊन झोपलेली असते. तेव्हा हा नंबर आणि घराचा पत्ता फ्रिजवर चिकटवलेला हवा. आपल्याला नातवाचा वाढदिवस पाठ असतो, पण तिथल्या घराचा नंबर विचारला तर सांगता येत नाही.

अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे आहेत की नाहीत हे न पाहता तपासावं लागतं आणि स्थिर करावं लागतं. बिल नंतर येतं, मोठं येतं, ते खरं. पण दारातून परत पाठवत नाहीत.

आता जे सांगतो, ते ज्यांच्याबद्दल आहे त्या काकी इथेच बसल्यात, आणि त्यांनीच "सांग, लोकांका कळांदे" म्हणून परवानगी दिली आहे. काकी मुलाकडे गेल्या होत्या. लघवीला जळजळ सुरू झाली. मुलाला सांगायची लाज, सुनेला सांगायचा संकोच. "कित्याक उगाच पोराक त्रास? हंयचे डॉक्टर म्हाग." काकांच्या दातासाठी नेलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या उरल्या होत्या, त्या घेतल्या. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत. पाच दिवस असे गेले. रोज मुलगा विचारायचा, "आये, बरी आहेस ना?" आणि काकी म्हणायच्या, "माका काय्येक झालेला नाय." सहाव्या रात्री थंडी वाजून ताप चढला आणि काकी असंबद्ध बोलायला लागल्या. मुलाला ओळखेनात. मुलाने रुग्णवाहिका बोलावली. तीन दिवस हॉस्पिटल. वेळेवर पोचल्या म्हणून आज त्या आपल्यात आहेत. जे काम डॉक्टरांच्या एका भेटीत झालं असतं ते जिवावर बेतलं.

बरं झाल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, "आये, बिलाचं काही नाही गो. पाच दिवस मी रोज विचारत होतो, आणि तू मला सांगितलं नाहीस."

माझ्या आजच्या बोलण्यातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. आपण मुलांवर भार नको म्हणून गप्प बसतो, आणि त्यातूनच त्यांच्यावर खरा भार पडतो.

विमा म्हणजे सिंकिंग फंड

सिंकिंग फंडावरून दरवर्षी आपल्या वार्षिक सभेत भांडण होतं. "इमारत तर ठीक आहे, कशाला पैसे?" मग गच्ची गळते. प्रवासी विम्याचं अगदी तसंच आहे. युरोपातल्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा. जिथे सक्ती नाही, तिथेही काढा.

विमा काढताना बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी, सगळं खरं लिहा. लपवलं तर हप्ता थोडा वाचेल, आणि गरजेच्या वेळी दावा नाकारला जाईल. पॉलिसीत जुन्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जिवावरच्या प्रसंगी आणि ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मिळतो. दवाखान्यात जाण्यापूर्वी, ते शक्य नसेल तर पोचल्याबरोबर, विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि नोंदीचा नंबर लिहून घ्या. प्रत्येक पावती, प्रत्येक रिपोर्ट जपून ठेवा.

आपली जी मुलं ईसीआर शिक्क्याच्या पासपोर्टावर आखातात कामाला जातात, त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर त्यात दहा लाखांचं संरक्षण आहे. पॉलिसीचा कागद मुलगा घेऊन जातो आणि घरी कुणालाच त्याचा पत्ता नसतो. त्याची प्रत घरी ठेवा. आणि अगदीच आभाळ फाटलं तर भारतीय दूतावासाकडे जायला लाजू नका. अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे, त्यातून गरजूंना उपचारासाठीही मदत होते.

आपण कुठून आलो ते सांगा

शेवटचा मुद्दा. परदेशात पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी भारतातून, कोकणातून आलोय." पावसाळ्यात शेतात उतरलेल्यांना आपल्याकडे लेप्टो होतो. डेंगी आहे. दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आहे. टोरांटोच्या डॉक्टरला हे मनात येणार कसं? त्याला ताप म्हटला की फ्लू आठवणार. तुम्ही शेतीचं, गुरांचं, जंगलाचं नाव काढलंत तर तो वेगळी तपासणी करेल.

तसंच उलटही. आफ्रिकेतून, बोटीवरून कुणी आलं आणि ताप आला, तर आपल्या डॉक्टरांना देशाचं नाव सांगा. तिथला मलेरिया झपाट्याने वाढतो. पीतज्वराची साथ असलेल्या आफ्रिकी देशांत जाणाऱ्यांनी निघण्याच्या किमान दहा दिवस आधी त्याची लस घ्यायची असते. आपल्याला त्यासाठी मुंबईला जायलाच हवं असं नाही, गोव्यात मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयातही ती मिळते. आता हा दाखला जन्मभर चालतो.

गोव्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्यातला अवघड रुग्ण आजही बांबोळीला नेतात. त्या संस्थेचं मूळ १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे. १९६१ पर्यंत गोवा आपल्याला परमुलूखच होता. म्हणजे सरहद्दीपलीकडच्या वैद्यकाशी आपली ओळख काल-परवाची नाही. बांबोळीला जातानाही आपण जुनी फाइल, चालू गोळ्या आणि सोबत एक बोलका माणूस नेतो. परदेशी जाताना यापेक्षा वेगळं काही करायचं नाही, फक्त ते आधी आणि कागदावर करायचं.

माझी कमिटीला एक विनंती आहे. सोसायटीच्या ऑफिसात एका पानाचा छापील फॉर्म ठेवावा : नाव, वय, रक्तगट, आजार, औषधांची जेनेरिक नावं व प्रमाण, अॅलर्जी, डॉक्टरांचा फोन, विम्याचा नंबर. ज्यांना भरायला अडचण असेल त्यांनी गोळ्यांची पिशवी घेऊन रविवारी सकाळी माझ्या घरी यावं. मी भरून देईन. एक प्रत पासपोर्टात, एक मुलाच्या मोबाइलात, एक इथे कपाटाच्या दाराला आतून. परदेशी न जाणाऱ्यांनीही भरावा. रात्री दोन वाजता ओरोसला नेताना तोच कागद उपयोगी पडतो.

आणि आता सवयीप्रमाणे गाऱ्हाणं घालून थांबतो.

बा देवा रामेश्वरा, म्हाराजा! ह्या सोसायटीची लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली हत. ह्यांतली जी कोण दर्यापल्याड पोरांकडे जातत, तेंची गोळयांची पिशवी हरवाक देव नको, दुखणा लपवन ठेवची बुद्धी तेंका होवची नाय असा कर, आणि सगळ्यांका सुखरूप आपापल्या घराक हाड, रे म्हाराजा!

होय म्हाराजा!